सशांची जोडी जमवताना

ससा कळपाने राहणारा प्राणी आहे, आणि अनोळखी ससा आपल्या जागेत शिरला की त्याच्यावर तुटून पडणाराही आहे. घरात दोन ससे एकत्र ठेवू पाहणाऱ्याची सगळी अडचण या दोन गोष्टींच्या मधोमध असते. लांब केसांचे अंगोरा, पांढरेशुभ्र न्यूझीलंड व्हाइट, कान पाडलेले लॉप असे पाळीव सशांचे प्रकार अनेक असले, तरी ते सगळे ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस या एकाच रानटी जातीचे वंशज आहेत. ही जात मूळची स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडची. जमिनीखाली बिळांचे जाळे खणून ती वसाहत करून राहते. महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसणारा ससा, लेपस निग्रिकॉलिस, हा तिचा दूरचा नातलग. तो बिळे खणत नाही, बहुधा एकटा राहतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात. या दोघांचा संकर होत नाही. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे शेतात सापडलेले त्याचे पिल्लू घरच्या सशाला सोबत म्हणून आणणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्या पिल्लाच्या जिवावर बेतणारेही आहे.

रानातल्या वसाहतीत काही नर आणि काही माद्या एकत्र नांदतात. नरांची उतरंड वेगळी आणि माद्यांची वेगळी. नर एकमेकांना हटकतात ते माद्यांवरून, तर माद्या भांडतात त्या पिल्ले घालायला सोयीच्या बिळावरून. माद्या मवाळ असतात हा समज इथेच खोटा ठरतो. जागेवरून पेटलेले त्यांचे भांडण नरांच्या भांडणाइतकेच रक्तबंबाळ होऊ शकते. ब्रिटिश निसर्गअभ्यासक रोनाल्ड लॉकली यांनी वेल्समधल्या ओरियलटन इथे सशांच्या वसाहतींचे दीर्घकाळ निरीक्षण केले आणि १९६४ साली ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’ हे पुस्तक लिहिले. सशांच्या समाजात कोणाचे स्थान कुठे, कोण कोणाला वाट देतो, हे त्यातून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

ससा आपली हद्द वासाने आखतो. त्याच्या हनुवटीखाली ग्रंथी असतात. दाराची चौकट, खुर्चीचा पाय, घरातल्यांच्या चपला यांवर तो हनुवटी घासत फिरतो, ते या ग्रंथींचा वास लावण्यासाठी. माणसाला तो वास येत नाही. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा वास घेऊन बाहेर पडलेल्या लेंड्या तो मोक्याच्या जागी टाकून ठेवतो, आणि वयात आलेला नर लघवीची पिचकारीही मारतो. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियात. तिथे १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी थोडेसे ससे रानात सोडले आणि पुढे त्यांच्या पैदाशीने देशभर शेती व कुरणे उजाड केली. सशांचे वागणे समजून घेणे तिथे निकडीचे झाले. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले रोमन मिकिटोविच यांनी दाखवून दिले, की वरचढ नरांच्या हनुवटीच्या ग्रंथी इतरांपेक्षा मोठ्या असतात आणि वासाच्या खुणाही तेच जास्त करतात.

पाळीव सशाला हा वारसा जसाच्या तसा मिळाला आहे. पिंजरा, लिटर ट्रे, सोफ्याखालचा कोपरा ही त्याची वसाहत आणि तिथे अचानक आणून ठेवलेला दुसरा ससा हा घुसखोर. घरच्यांना जो तापट वाटतो तो ससा बहुतेक वेळा फक्त आपली हद्द राखत असतो. त्यामुळे दोन सशांची दोस्ती जमवण्याचे काम म्हणजे मुख्यतः जागा आणि वास यांची मांडामांड. ती नीट झाली की पुढचे ससेच आपापसात ठरवतात. ती चुकली तर गाजर, लाड, दामटणे यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही.

एवढा खटाटोप करायचा कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. एकटा ससा जगतो, खातो, माणसाच्या पायाशी येऊन बसतो. पण सोबतीची त्याची गरज किती खोल आहे हे प्रयोगांतून दिसले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या माद्यांना वजन लावलेले दार ढकलून पलीकडे जावे लागे. पलीकडे कधी खाद्य असे, कधी दुसरा ससा. दुसऱ्या सशाजवळ जाण्यासाठी माद्या जवळजवळ खाद्यासाठी घेत तितकेच कष्ट घेत होत्या. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या २०२० मधल्या अभ्यासात हिवाळ्यात एकटे ठेवलेले ससे जोडीने राहणाऱ्यांपेक्षा अंगाने थंड आढळले, आणि पिंजऱ्याचे गज चावण्याची सवयही एकट्या सशांत दिसली. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात जास्त हालचाल करतो. नेमक्या त्या वेळी घरातली माणसे झोपलेली किंवा कामात असतात. शिवाय कानामागे आणि डोळ्यांभोवती चाटून देणे, झोपताना अंगाला अंग लावणे, एकाने मान खाली घालून खाताना दुसऱ्याने कानोसा घेणे, ही कामे माणसाला करता येत नाहीत.

जोडी निवडताना सर्वात सोपा मेळ एक नर आणि एक मादी यांचा, दोघांचीही नसबंदी झालेली असताना. दोन माद्या किंवा दोन नर यांचीही जमते, पण वेळ जास्त लागतो आणि पुढे बिनसण्याचा धोकाही अधिक. जात, रंग, आकार यांना फारसे महत्त्व नाही. दीड किलोची मादी चार किलोच्या नराला सहज धाकात ठेवते. स्वभावांचा मेळ मात्र पाहावा. दोघेही दांडगट असले तर ओढाताण लांबते. एक पुढाकार घेणारा आणि एक पडते घेणारा असला तर प्रकरण लवकर मिटते. निवारा केंद्रातून ससा घ्यायचा असेल आणि तिथे सोय असेल, तर घरचा ससा नेऊन दोघांची गाठ घालून पाहणे हा उत्तम मार्ग. आवडनिवड अशा वेळी सशांनाच करू द्यावी.

दुकानातून एकाच वेताची दोन पिल्ले ‘जोडी’ म्हणून आणण्याची पद्धत सर्रास आहे. पिंजऱ्यात ती एकमेकांना बिलगून बसलेली असतात, त्यामुळे घेणाऱ्याला जोडी जमलेलीच आहे असे वाटते. पण ही माया पिल्लूपणाची असते. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ती वयात आली की काल एकाच पानाची दोन टोके चघळणारे भाऊ आज एकमेकांच्या अंडकोषांचा चावा घेतात. भाऊ-बहीण असले तर त्याआधीच गर्भधारणा होण्याचा धोका असतो, कारण सशांना नाते कळत नाही. त्यातच कोवळ्या पिल्लांचे लिंग ओळखणे अवघड असते आणि दुकानदाराचा अंदाज पुष्कळदा चुकतो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे सांगितले गेले तरी पिल्ले आणल्याबरोबर पशुवैद्याकडून खात्री करून घेणे आणि वयात येण्याआधी त्यांना वेगळे करणे आवश्यक. सोबत म्हणून गिनीपिग आणण्याचा सल्लाही कधी दिला जातो, तो मानू नये. सशाच्या मागच्या पायाची लाथ गिनीपिगला गंभीर जखमी करते. दोघांचा आहार वेगळा, कारण गिनीपिगला अन्नातून क जीवनसत्त्व मिळावेच लागते. बोर्डेटेला नावाचा जो जिवाणू सशाच्या नाकाघशात विनात्रास राहतो, तो गिनीपिगला न्यूमोनियाने मारू शकतो.

नसबंदीशिवाय जोडी लावण्याचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. प्राण्याला उगाच शस्त्रक्रियेचा त्रास कशाला, हा त्यामागचा विचार कणवेचा असला तरी सशाच्या शरीराला तो धरून नाही. सशाच्या मादीला ठरावीक ऋतुचक्र नसते. समागमानंतर सुमारे दहा तासांनी तिच्यात स्त्रीबीज सुटते, साधारण ३० ते ३२ दिवसांत ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी न झालेल्या नर-मादीला एकत्र ठेवणे म्हणजे मादीची सतत झीज आणि घरात पिल्लांचा ढीग. दोन माद्या असल्या तर एक दुसरीवर चढते, त्या चेतनेने खोटी गर्भधारणा होते आणि अडीच आठवडे मादी छातीचे केस उपटून घरटे करत, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाते. याहून गंभीर गोष्ट गर्भाशयाच्या कर्करोगाची. नसबंदी न केलेल्या, चार वर्षांवरच्या माद्यांमध्ये तो इतका आढळतो, की दुसरा ससा आणायचा नसला तरी मादीची शस्त्रक्रिया करावी असेच जाणकार पशुवैद्य सांगतात.

नराची शस्त्रक्रिया अंडकोष उतरल्यावर, साधारण साडेतीन ते पाच महिन्यांच्या वयात करतात. मादीची चार ते सहा महिन्यांच्या वयात होते. सशाला भूल देणे हे कुत्र्यामांजराला भूल देण्यापेक्षा नाजूक काम आहे, म्हणून सशांचा अनुभव असलेला पशुवैद्य शोधण्यात वेळ गेला तरी चालेल. अनुभवाची एक सोपी खूण आहे. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहिलेले चालत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. उपाशी आणायला सांगणाऱ्याला ससे फारसे माहीत नाहीत असे समजावे. शस्त्रक्रियेनंतर लगेच गाठ घालायची नाही. नराच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असतात आणि पुढचे चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण करू शकतो. मादीच्या पोटावरचे टाके बरे व्हायला आणि दोघांच्याही अंगातला संप्रेरकांचा जोर ओसरायला साधारण तेवढाच काळ लागतो. या महिनाभरात बाकीची तयारी करता येते.

तयारीचा पहिला भाग आरोग्याचा. नवा ससा निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. त्याला खाऊपिऊ घातल्यावर हात धुवावेत आणि भांडी, ट्रे वेगळे ठेवावेत. आपल्याकडे दुकानांतून येणाऱ्या सशांमध्ये खरूज फार दिसते. नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांवर, पायांच्या बोटांशी पांढुरकी, जाड खपली दिसली तर ती खरजेच्या किड्यांची समजावी. ती दुसऱ्या सशाला लागते आणि माणसालाही खाज आणते. कानाच्या आत तपकिरी पापुद्रे साचणे हे कानातल्या किड्यांचे लक्षण. सतत शिंकणे आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट होणे, कारण ससा त्यानेच नाक पुसतो, हे श्वसनाच्या संसर्गाचे. पातळ शी हे बऱ्याचदा कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचे. ही दुखणी घरातल्या निरोगी सशापर्यंत पोहोचण्याआधीच हेरली जावीत एवढाच या विलगीकरणाचा हेतू.

त्यानंतर दोन्ही पिंजरे किंवा जाळीची कुंपणे एका खोलीत, समोरासमोर आणावीत. मध्ये चार बोटांचे अंतर असावेच. जाळीला जाळी लागलेली असली तर पलीकडून आलेले नाक किंवा बोट चावले जाते, आणि सशाच्या दाताने नाकाचा शेंडा तुटणे ही ऐकीव गोष्ट नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस जाळीवर धाव, पाय आपटणे, गुरगुर चालते. त्याकडे लक्ष ठेवावे, पण घाबरून पिंजरे हलवू नयेत. यानंतर वासांची अदलाबदल सुरू करावी. आधी अंथरुणाचा तुकडा, मग लिटर ट्रे, मग थेट जागा. याने त्याच्या पिंजऱ्यात आणि त्याने याच्या पिंजऱ्यात एक-दोन दिवस राहावे. आपल्या ट्रेमध्ये परक्याच्या लेंड्या पाहून बहुतेक ससे आधी त्यावर आपल्या लेंड्यांचा सडा घालतात. हळूहळू परका वास हा घराचाच एक वास होऊन जातो. हिरवा पाला जाळीच्या दोन्ही बाजूंना, दोघांची तोंडे जवळ येतील असा ठेवावा. दोघे जाळीला पाठ टेकून, आपापल्या बाजूला पाय पसरून पडू लागले की पुढच्या टप्प्याची वेळ झाली. याला कुठे आठवडा लागतो, कुठे महिना. हा टप्पा घाईने उरकणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, कारण सशांना पहिली मारामारी फार काळ लक्षात राहते.

प्रत्यक्ष भेट अशा जागी व्हावी जिथे दोघांपैकी कोणाचाही वास नाही. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही अट सोपी नसते, कारण ससा सगळीकडे हनुवटी घासून आलेला असतो. एरवी सशाला बंद असलेली झोपण्याची खोली, न्हाणीघर किंवा शेजाऱ्याच्या घरातली मोकळी जागा चालते. जागा आधी पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसून घ्यावी. गुळगुळीत लादीवर सशाचे पाय सरकतात आणि घाबरलेला ससा घसरला तर त्याच्या पाठीचा मणका दुखावू शकतो. सशाची हाडे शरीराच्या मानाने हलकी आणि मागचे पाय दणकट, त्यामुळे त्याच्याच लाथेच्या झटक्याने कणा मोडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून खाली धुतलेली सतरंजी किंवा चटई अंथरावी, तीही सशाने पूर्वी न वापरलेली. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली पुठ्ठ्याची खोकी ठेवावीत. एकच तोंड असलेले खोके ठेवू नये, कारण आत शिरलेला ससा कोंडीत सापडतो. वाळलेल्या गवताचे दोन-तीन ढीग, कोथिंबिरीच्या किंवा मुळ्याच्या पाल्याच्या दोन जुड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात आणि पाण्याची भांडीही दोन असावीत. जागा सुरुवातीला छोटी, सहा बाय चार फुटांच्या आसपास बरी. फार मोठ्या जागेत पाठलाग रंगतो. हंगामाचाही विचार हवा. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि तिशीच्या पुढचे तापमान त्याला सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाठलागाने दमलेला ससा उष्माघाताने दगावू शकतो. भेटीगाठी थंडीत किंवा पावसाळ्यात, आणि त्यातही सकाळी ठेवलेल्या बऱ्या.

पहिल्या भेटीत दोन माणसे जमिनीवर बसलेली असावीत, हातात जाड हातमोजे आणि जवळ एक सुपली किंवा पुठ्ठ्याचा मोठा तुकडा. ससे एकाच वेळी, जागेच्या दोन टोकांना सोडावेत. बहुतेकदा पहिली काही मिनिटे ते एकमेकांकडे न पाहता सतरंजी हुंगत फिरतात, जणू दुसरा तिथे नाहीच. हे शुभलक्षण आहे. मग एक जण मान लांब करून, मागचे पाय जागेवरच ठेवून पुढे सरकतो, दुसऱ्याचे पुठ्ठे हुंगतो आणि झटकन मागे होतो. सशाला नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिथे आंधळी जागा असते आणि जवळच्या गोष्टी तो ओठांनी व मिशांनी चाचपतो. म्हणून समोरासमोर नाक भिडले तर तो दचकतो. थोड्या वेळाने दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन मान जमिनीला टेकवतो. पाहणाऱ्याला ही शरणागती वाटते, पण बऱ्याचदा ती मागणी असते, ‘मला चाट’ अशी, आणि मागणारा हाच पुष्कळदा वरचढ असतो. समोरच्याने कपाळ चाटले तर निम्मे काम झाले. समोरच्यानेही मानच खाली घातली, तर दोघे कपाळाला कपाळ लावून, कोण आधी चाटतो याची वाट पाहत बराच वेळ बसून राहतात. अशा वेळी दोघांच्याही कपाळावरून माणसाने बोटे फिरवत राहिले तर ताण उतरतो.

एकाने दुसऱ्यावर चढणे हे या भेटींत होणारच. नसबंदी झालेल्या सशांतही, माद्यांतही ते होते. त्याचा संबंध वासनेपेक्षा दर्जा ठरवण्याशी असतो. खालचा ससा शांत बसून राहिला तर दहा-पंधरा सेकंद होऊ द्यावे आणि मग हलक्या हाताने वरच्याला बाजूला करावे. दर वेळी अडवले तर दर्जा ठरत नाही आणि तेच रोज उकरून निघते. उलट्या बाजूने, म्हणजे डोक्याकडून चढणे मात्र तत्काळ थांबवावे, कारण खालच्या सशाचे दात वरच्याच्या जननेंद्रियांपाशी येतात आणि तिथला चावा भयंकर असतो. थोडासा पाठलाग, एखादी चिमटी, तोंडात आलेले केसांचे चार झुबके, हे चालवून घ्यावे. पळणारा वळून पाहतो का, मध्येच थांबून गवत खातो का, हे पाहावे. तसे असेल तर प्रकरण हाताबाहेर गेलेले नाही. तो दबून कोपऱ्यात बसला, डोळे विस्फारून भराभर श्वास घेऊ लागला, तर त्या दिवशी तिथेच आवरते घ्यावे.

खऱ्या भांडणाची चाहूल काही क्षणच आधी मिळते. कान मागे पाठीला चिकटतात, शेपटी ताठ वर होते, अंग धनुष्यासारखे ताणले जाते. कधी दोघे मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या पंजांनी झोडू लागतात. सर्वात धोक्याचे लक्षण म्हणजे गोल फिरणे. एकाचे डोके दुसऱ्याच्या शेपटीशी, असे दोघे भराभर फिरू लागले की पुढच्या क्षणी ते एकमेकांना घट्ट पकडून लोळू लागतात, केस उडतात आणि मागच्या पायांच्या नखांनी पोट फाडले जाऊ शकते. फिरणे सुरू होताच सुपली मध्ये घालावी. गुंतलेल्या सशांमध्ये उघडा हात घालू नये. चावा सशाकडून चुकून बसला तरी हाडापर्यंत जातो. टॉवेल टाकून दोघांना वेगळे करावे आणि कान धरून उचलू नये.

भांडणानंतर केस बाजूला सारून अंग तपासायला हवे. सशाची कातडी पातळ आणि केस दाट, त्यामुळे दाताचे बारीक भोक वरून दिसत नाही आणि आठवडाभराने तिथे गळू दिसू लागते. सशाच्या गळवातला पू दह्याच्या गोळ्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप निचरत नाही आणि शस्त्रक्रिया करावी लागते. घरातल्या औषधांच्या डब्यातले अमॉक्सिसिलिन त्याला तोंडाने कधीही देऊ नये. सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि ससाही दगावू शकतो. भांडण झालेच नाही तरी ताणाने सशाची भूक जाते. दहा-बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या, तर आतड्याची हालचाल मंदावली आहे असे समजून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. जोडी जमवण्याच्या दिवसांत दोघांच्याही ट्रेमधल्या लेंड्यांवर रोज नजर असावी.

भेटींचे वेळापत्रक कसे असावे याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. काही जण रोज दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून भेट हळूहळू काही तासांवर नेतात. दुसरे म्हणतात, की दर भेटीनंतर वेगळे केल्याने ससे प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करतात. म्हणून ते वासांची अदलाबदल पुरती झाल्यावर दोघांना तटस्थ जागी सोडतात आणि मग वेगळे करत नाहीत, फक्त दिवसरात्र कोणी तरी शेजारी थांबते. दुसरी पद्धत लवकर फळते, पण तिला सशांचे वागणे ओळखणारा माणूस आणि मोकळे दोन-तीन दिवस लागतात. पहिल्यांदाच जोडी लावणाऱ्याने पहिली पद्धत धरलेली बरी. प्रत्येक भेट गोडीत असतानाच संपवावी, भांडण होईपर्यंत ताणू नये.

ससे घाबरलेले असले की एकमेकांना बिलगतात, हे पाहून त्यांना एका पेटीत घालून गाडीतून फिरवण्याची, व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजाजवळ ठेवण्याची एक युक्ती बराच काळ सांगितली जात आली आहे. ती टाळावी. भीतीने एकत्र दबलेले ससे भीती गेली की पुन्हा तितकेच परके असतात, आणि तेवढ्या ताणाने आतडे बंद पडून ससा आजारी पडू शकतो. दोघांच्या अंगाला अत्तर, व्हॅनिला असले काही चोळून वास झाकण्याचाही उपयोग नाही. ज्या वासाची ओळख पटवायची तोच दडपला जातो.

जोडी जमल्याची लक्षणे नंतर स्पष्ट दिसू लागतात. दोघे एकाच ढिगातून गवत खातात, एकमेकांचे कान आणि डोळ्यांच्या कडा चाटतात, आणि एक जण दुसऱ्याला खेटून धप्पकन कुशीवर अंग टाकून देतो. अशा वेळी दातांवर दात हलके घासल्याचा मंद आवाज येतो. तो समाधानाचा. मोठ्याने करकर असेल तर दुखण्याचा. पाठलाग आणि चढणे थांबून सलग दोन दिवस असे शांततेत गेले की मगच त्यांना देखरेखीशिवाय एकत्र ठेवावे. त्यांचे कायमचे घर व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन, सामानाची मांडणी बदलून, ट्रे आणि अंथरूण नवे घालून द्यावे. जुन्या सशाच्या पिंजऱ्यात नव्याला आणून सोडले तर तटस्थ जागी जमलेली मैत्री एका रात्रीत मोडते. जागा एकदम न वाढवता आठवड्या-आठवड्याने वाढवावी. ब्रिटनची रॅबिट वेल्फेअर असोसिएशन जोडीसाठी निदान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी सतत उपलब्ध जागा सुचवते. दुकानात मिळणारे तारेचे पिंजरे यापुढे फारच तोकडे आहेत, आणि कित्येक भांडणांचे मूळ त्या तोकडेपणातच असते.

जमलेली जोडी टिकवायला एक नियम कसोशीने पाळावा लागतो. दोघांना वेगळे करायचे नाही. एकाला दवाखान्यात नेताना दुसऱ्यालाही त्याच पेटीत न्यावे. दवाखान्याचा वास एकट्याच्याच अंगाला लागला तर परतल्यावर साथीदार त्याला ओळखत नाही आणि हल्ला करू शकतो. एकाला रात्रभर ठेवून घ्यावे लागले तर शक्य असल्यास दोघांना तिथे ठेवावे, नाही तर आल्यावर तटस्थ जागी पुन्हा ओळख करून द्यावी. वर्षानुवर्षे गोडीत राहिलेली जोडी अचानक भांडू लागली, तर आधी दुखण्याचा संशय घ्यावा. दाढ टोचत असलेला किंवा सांधे दुखणारा ससा जवळ आलेल्या सोबत्याला झिडकारतो. जोडीतला एक मेला तर उरलेल्याला त्याच्या देहाजवळ काही वेळ जाऊ द्यावे, असे बहुतेक पशुवैद्य सुचवतात. तो हुंगतो, चाटतो, कधी कपाळाने ढकलतो आणि शेवटी दूर जाऊन खाऊ लागतो. देह न दिसलेला ससा पुष्कळदा दिवसेंदिवस शोधत फिरतो. या काळात त्याच्या खाण्यावर कडक लक्ष हवे. नवा सोबती आणायचा असेल तर पुन्हा पहिल्यापासून, विलगीकरणापासून, सगळे टप्पे घ्यावे लागतात.

तिसरा ससा आणण्याचा मोह जमलेल्या जोडीवर संकट आणू शकतो. तिघांच्या गटात जुनी जोडी मोडून नवी होते आणि एक बाहेर पडतो, म्हणून जागा आणि अनुभव दोन्ही भरपूर असल्याखेरीज तसे करू नये. काही ससे कितीही काळजी घेतली तरी जमतच नाहीत. तीन-चार महिने टप्प्याटप्प्याने प्रयत्न करूनही प्रत्येक भेट रक्तावर येत असेल तर थांबावे. अशा दोघांना मध्ये दुहेरी जाळी घालून शेजारी शेजारी ठेवता येते, आळीपाळीने मोकळे सोडता येते. पलीकडच्याचा वास, हालचाल आणि जाळीशी टेकून झोपण्याची सोय त्यांना मिळते. पूर्ण एकटेपणापेक्षा ही व्यवस्था बरी असते, आणि ती आयुष्यभर, म्हणजे आठ ते दहा वर्षे, चालवता येते.